बाकीचं राहू दे

सॉफ्टवेअर करणारी माणसं फार हुशार असतात, असा माझा समज होता. एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवत होते तोवर तो टिकला. प्रत्यक्ष त्यांच्यात जाऊन बसले आणि आठवडाभरात गेला.

आमचं ऑफिस राजारामपुरीत, टाइल्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. खाली बाथरूमच्या फरशीचा रंग ठरवताना जोडपी भांडत असायची आणि वर आम्ही जगाचं भलं करत असायचो. भिंतीवर इंग्रजीत एक भलंमोठं वाक्य चिकटवलं होतं आणि त्यात स्पेलिंगची एक ढळढळीत चूक होती. पहिल्याच दिवशी मी ती दाखवली. आमचे मालक म्हणाले, "मॅडम, लावून दोन वर्षं झाली, कुणाला दिसली न्हाय. तुम्हालाच बरी दिसली." हे कौतुक होतं की टोमणा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. वाक्य मात्र अजून भिंतीवर आहे, चुकीसकट.

माझं काम डॉक्युमेंटेशनचं. म्हणजे या लोकांनी जे काही बनवलं असेल ते कसं वापरायचं, हे माणसाला समजेल असं लिहून ठेवायचं. सासूबाईंना समजावताना मी म्हटलं, मिक्सरच्या खोक्यात पुस्तिका येते बघा, ती लिहिणारी मी. त्या म्हणाल्या, "ती कोण वाचतंय?" त्या शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या. माझ्या धंद्याबद्दल इतकं नेमकं मला पुढं कोणी सांगितलं नाही.

खरोखरच कोणी वाचत नसे. मी पानंच्या पानं लिहायची, ती आमच्या ऑफिसच्या आतल्या साइटवर चढवायची आणि मग तेच प्रोग्रामर माझ्या टेबलापाशी येऊन विचारायचे, "मॅडम, ते कसं करायचं ओ?" मी म्हणायची, लिहिलंय. ते म्हणायचे, व्हय, पण सांगा की तोंडानं. तोंडानं सांगायचं तर मला कशाला ठेवलं, हा प्रश्न मी गिळायची, कारण त्याचं उत्तर मालकांनाही सुचलं असतं.

आता ज्या टूलची ही हकीकत, ते काय होतं ते सांगते. एक प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामकडे काहीतरी मागत असतो. आमचं मोठं गिऱ्हाईक इचलकरंजीचं, त्यांचे यंत्रमाग. तेव्हा मागणं असं: अमुक शेडमध्ये आत्ता किती माग चालू आहेत, पहिल्या पाळीत किती वेळ बंद होते. हे मागणं ठरावीक साच्यात लिहावं लागतं. कुठल्या पत्त्यावर पाठवायचं, म्हणजे शेडचा नंबर, तारीख त्यातच आली, आणि कुठल्या प्रकारचं आहे. त्याला रिक्वेस्ट म्हणतात. रोज नव्यानं लिहायला नको म्हणून ती नाव देऊन सेव्ह करून ठेवतात. प्रत्येक सेव्ह केलेल्या रिक्वेस्टच्या खाली टीप लिहायला एक चौकट असते. ही चौकट कोणी भरत नाही. आपण काय केलं हे दोन ओळीत लिहिणं या जमातीला अपमानास्पद वाटतं.

आमच्यात ती चौकट भरणारी एकच होती. आजऱ्याची मुलगी, टेस्टर. प्रोग्रामरांनी बनवलेलं मोडतं का ते बघायचं, हे तिचं काम. सावळी, किरकोळ, आवाज मात्र शेतातून हाक मारल्यासारखा. आमच्या भागातल्या बायकांसारखी तीही स्वतःबद्दल बोलताना "मी करतो, मी येतो" असंच म्हणायची. मीही कोल्हापूरचीच, माझी आई जन्मभर तसंच बोलली. पण इंग्रजीचे वर्ग घेता घेता मी माझी भाषा घासूनपुसून घेतली होती आणि दुसऱ्याची घासायचीही खोड लागली होती. एकदा तिला म्हटलं, "अगं, बाईमाणूस असून 'करतो' काय?" ती म्हणाली, "झालं म्हंजे झालं की मॅडम, कुणी केलं ते कशाला?"

तिच्या त्या टिपा मी वाचल्या होत्या. खरं सांगायचं तर चुका काढायला वाचल्या होत्या. मराठीत लिहिलेल्या, आणि प्रत्येक टीप "बघा," अशी सुरू व्हायची. "बघा, ही रिक्वेस्ट सकाळी साडेनऊच्या आधी पाठवू नका, समोरची सिस्टीम उठलेली नसते." "बघा, रात्रपाळी बाराला संपत नाही. तारीख बदलते, पाळी तीच असते. कालची तारीख द्या, नाहीतर निम्मे माग गायब दिसतील." "बघा, इथं शेडचा नंबर चुकला तर एरर येत नाही, शेजारच्या शेडचं उत्तर येतं. गप येतं." हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती स्वतः एसटीनं इचलकरंजीला जाऊन शेडमध्ये उभी राहिली होती, जिथं शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही, आणि वीण बघणाऱ्या कामगारांना ओरडून ओरडून विचारून आली होती. आमच्या बाकीच्यांपैकी कोणी चालू माग पाहिलेला नव्हता. मीही नाही. आम्ही त्यांचं सॉफ्टवेअर बनवत होतो.

अशा चारशेच्या वर रिक्वेस्टी तिनं दोन वर्षांत जमवल्या होत्या, टिपांसकट. ती करारावर होती. मालकांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं की महिनाअखेरीस इचलकरंजीची माणसं येणार, तेव्हा तिनं हे सगळं त्यांना दाखवायचं. त्यांना पसंत पडलं की तिला कायम करायचं. तिच्या घरच्यांनीही आपली अट घातलेली. कायम झालीस तर कोल्हापुरात राहा, नाहीतर गावाकडे ये आणि काकांच्या काजूच्या कारखान्यात ऑफिस बघ. हे तिनंच मला डबा खाताना सांगितलं. "काजूचा काय राग न्हाय मॅडम," ती म्हणाली, "पण तिथं मोडून बघायसारखं काय हाय?" मी हसले होते. मनात म्हटलं होतं, होशील बाई कायम, या गर्दीत डोकं असलेली तू एकटीच.

टूल बनवलं आमच्या लीडनं, म्हणजे प्रोग्रामरांच्या म्होरक्यानं. हा कळंब्याहून फटफटीवर यायचा, इतक्या आवाजात की खालच्या दुकानातली जोडपी भांडण थांबवून वर बघायची. हुशार होता, असं त्याचं मत होतं. कल्पना चांगली होती, तेवढं मान्य करते. सेव्ह केलेल्या रिक्वेस्टीत एखादीच गोष्ट बदलायची असेल तर आधी ती सगळी पुन्हा लिहून पाठवावी लागायची. या टूलनं फक्त बदललेला भाग पाठवायचा. त्याला ते लोक पॅच म्हणतात. मी म्हटलं, "म्हणजे ठिगळ." तो म्हणाला, "ठिगळ म्हंजे?" सदऱ्याला ठिगळ लावायची वेळ त्याच्यावर आली नव्हती, चांगलंच आहे, पण शब्दही माहीत नसावा?

टूल ठरवायच्या मीटिंगला आम्ही तिघं होतो. मालक, लीड आणि लिहून घ्यायला मी. मधे भडंगाचं ताट. आमच्याकडे कुठलाही निर्णय भडंगाशिवाय होत नाही आणि भडंग संपलं की निर्णयही संपतो. लीडनं विचारलं, "लोक वापरतील तवा जे फील्ड पाठवलंच न्हाय, त्याचं काय करायचं ओ?" प्रश्न उत्तम होता. त्याच्या आयुष्यातला तो एकमेव उत्तम प्रश्न असावा. मालकांचं तोंड भरलेलं होतं. त्यांनी शेंगदाणा चावत हात हलवला आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे की."

लीडनं मान डोलावली. मीही डोलावली आणि वहीत लिहिलं: बाकीचं तसंच राहणार.

पुढच्या आठवड्यात टूल तयार झालं आणि माझ्याकडे आलं. मी काही आंधळेपणानं लिहिणारी नव्हे. स्वतःची एक रिक्वेस्ट केली, तिला "चाचणी" असं नाव दिलं, पत्ता भरला, प्रकार भरला आणि सेव्ह केली. मग टूलनं फक्त नाव बदललं. पत्ता होता तसा राहिला, प्रकार होता तसा राहिला. मग फक्त पत्ता बदलला; नाव राहिलं. मी चित्रं काढली, पान लिहिलं, आणि सगळ्यात वर ठळक अक्षरात इंग्रजीत एक वाक्य घातलं. त्याचं मराठी असं: जे तुम्ही पाठवणार नाही, ते जसंच्या तसं राहील. वाक्य सुरेख झालं होतं. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. कॉलेजात मुलांना मी हेच शिकवायची, आणि ती खिडकीतून बाहेर बघायची.

त्या पानाच्या खाली, ते आजवर कोणी किती वेळा उघडलं ते नावासकट दिसतं. आठवडाभर फक्त माझं नाव होतं. मला नवल वाटलं नाही. तुच्छतेची एक मजा असते. आपलं भाकीत रोज खरं ठरत असतं.

मग इचलकरंजीहून निरोप आला की त्यांच्या सिस्टीमचा पत्ता बदलतोय, संध्याकाळपासून जुना बंद. म्हणजे तिच्या चारशेच्या वर रिक्वेस्टींमध्ये प्रत्येकीचा पत्ता बदलायला हवा, फक्त पत्ता. टूल बनलंच होतं अशा कामासाठी.

दुपारी ती माझ्या टेबलाशी आली. मी त्या वेळी दुसऱ्या एका पानात अडकले होते आणि सकाळपासून चार जणांनी "तोंडानं सांगा की" करून माझं डोकं उठवलं होतं. ती पाचवी.

"मॅडम, ह्या टूलनं पत्ता बदलला तर बाकीचं राहतंय नव्हं?"

"लिहिलंय तिथं," मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हटलं. "लिहिलेलं वाचायचं नाही आणि येऊन माणसाला विचारायचं. तूसुद्धा?"

"वाचलंय मॅडम. सगळं पान वाचलंय. म्हणूनच इचारतोय. आधी एकीवर करून बघू काय?"

ती टेस्टर होती. एकीवर करून बघणं हाच तिचा धर्म. आणि मी तिला म्हणाले, "मी करून बघितलंय. माझ्यावर भरवसा नाही का? संध्याकाळपर्यंत चारशे करायच्यात ना, मग कर की."

ती म्हणाली, "तसं न्हाय मॅडम," आणि गेली.

चहाच्या वेळी तिनं टूल चालवलं. सव्वापाचला तिच्या टेबलाकडून काहीच आवाज आला नाही, आणि तिच्या टेबलाकडून काहीच आवाज न येणं इतकं नवीन होतं की मी उठून गेले. ती एकेक रिक्वेस्ट उघडत होती. नाव होतं. नवा पत्ता होता. प्रकार होता. खालची चौकट रिकामी. पुढची उघडली, रिकामी. तिनं अशा किती उघडल्या मला माहीत नाही. मी मागं उभी होते आणि तिच्या ते लक्षात आलं नव्हतं, की आलं होतं, तेही माहीत नाही.

लीडला बोलावलं. त्यानं बॅकअप बघितला. बॅकअप होता, तिच्या येण्याच्या आधीचा. नंतर तो घेणं बंद केलं होतं, कारण जागा खात होता. "एवढी जागा कशाला खातंय म्हणून बंद केलं," तो म्हणाला, जणू आम्हीच ते खात होतो. वर तिलाच म्हणाला, "तू वेगळी कॉपी न्हाय काढलीस व्हय?" तिनं त्याच्याकडे बघितलं फक्त. माझ्याकडे बघितलं नाही.

दोन दिवसांनी मीटिंग झाली. मालक, लीड, मी, आणि टेबलाच्या टोकाला ती. भडंग होतंच. कुणाचं चुकलं ते शोधायचं नाही, पुढं काय करायचं ते बघायचं, असं मालकांनी सुरुवातीलाच सांगितलं आणि लगेच कुणाचं चुकलं ते शोधायला लागले.

लीड म्हणाला, "तुम्हीच म्हटला होता, ऱ्हाऊ दे."

"व्हय. ऱ्हाऊ दे म्हंजे हाय तसं ऱ्हाऊ दे!"

"ऱ्हाऊ दे म्हंजे ऱ्हाऊ दे! नको म्हंजे! पाठवलं न्हाय तर घेऊ नको, टाकून दे! नाव, पत्ता आन् प्रकार नसला तर रिक्वेस्ट सेव्हच हुईना, म्हणून तेवढं जुनं ठेवलं. बाकीचं ऱ्हाऊ दिलं."

मालकांनी कपाळाला हात लावला. मग दोघंही हसायला लागले. मला त्यांचा इतका तिटकारा आला की काय सांगू. पण शब्द खरा होता. जेवताना आणखी भाकरी वाढायला आलं आणि आपण म्हणालो, राहू दे, तर भाकरी वाढत नाहीत. घर आवरताना म्हणालो, ते कपाट राहू दे, तर कपाट जागचं हलत नाही. तेच घर, तेच तोंड, त्याच दोन शब्दांत ठेवाही आणि नकोही. आपण उभं आयुष्य त्यात काढतो आणि कधी चुकत नाही, कारण समोर भाकरी दिसत असते, कपाट दिसत असतं. इथं समोर काहीच नव्हतं. आणि तिघांतली एक बाई दहा वर्षं मुलांना शब्दांचे अर्थ शिकवून आली होती. तिनं मान डोलावली होती.

"पण मॅडमनी तपासलं होतं की," लीड म्हणाला. त्याला निसटायला दार हवं होतं. "मॅडम, तुम्ही चालवून बघितलं होतं नव्हं?"

"हो," मी म्हटलं. "तपासलं होतं. नाव, पत्ता, प्रकार, सगळं राहिलं होतं."

यात एकही शब्द खोटा नव्हता. पण आदल्या रात्री घरी पडल्या पडल्या मला एक गोष्ट समजली होती आणि ती मी बोलले नाही. माझ्या "चाचणी" रिक्वेस्टीला टीपच नव्हती. मी, जी रोज या लोकांना लिहीत नाहीत म्हणून नावं ठेवायची, तिनंच स्वतःच्या रिक्वेस्टीखाली दोन ओळी लिहायचा कंटाळा केला होता. टूलनं माझीही चौकट पुसली होती. आधी रिकामं, नंतर रिकामं. कळणार कसं?

मालकांनी निकाल दिला की शब्दाचा घोटाळा झाला, कुणाचा दोष नाही. सगळ्यांना बरं वाटलं. तिनं एवढंच विचारलं, "पावणं यायला किती दिवस हायत?" नऊ होते.

त्या नऊ दिवसांत तिनं आठवून आठवून टिपा लिहिल्या. मी मदत करू का विचारलं. ती म्हणाली, "तुम्हाला कुठं आठवणार मॅडम?" रागानं नव्हे, खरंच होतं ते. चुका सोडून मला काही आठवत नव्हतं. साठसत्तर झाल्या. त्यातल्याही काहींची तिला खात्री नव्हती, त्यांच्यापुढं तिनं प्रश्नचिन्ह टाकलं होतं, कारण ती तशी होती.

इचलकरंजीहून दोघं जण आले. पैकी म्हाताऱ्यानं सगळ्यात आधी रात्रपाळीचीच रिक्वेस्ट उघडायला लावली, कारण मालकांनी फोनवर त्याच टिपेची फुशारकी मारली होती. ती टीप तिनं परत लिहिली होती, ती त्याला आवडली. मग त्यानं पुढची उघडायला सांगितली. रिकामी. त्याच्या पुढची. रिकामी. तिनं उभं राहून तोंडी सांगायला सुरुवात केली, बरंचसं बरोबर सांगितलं, पण म्हातारा म्हणाला, "पोरी, तुला म्हाईत हाय ते दिसतंय. पण तू नसलीस तर आमाला कोण सांगणार? ते लिवलेलं हाय म्हणून आलतो." चहा पिऊन ते गेले.

मालकांनी मला आणि लीडला आत बोलावलं. खुर्चीत टेकता टेकता म्हणाले, "त्या आजऱ्याच्या मॅडमचं ऱ्हाऊ दे."

काय सांगू, एक क्षण आशा वाटली. मी विचारलं, "राहू दे म्हणजे? ठेवायचं, की नको?"

त्या ऑफिसात हा प्रश्न विचारला जायची ही पहिली वेळ. मालक म्हणाले, "नको की ओ. त्यात काय इचारायचं?"

लीड मोबाइल बघत होता. त्या वेळी मी सांगायला हवं होतं. साहेब, चाचणी माझी अर्धवट होती, तिनं एकीवर करून बघते म्हटलं आणि मीच नको म्हटलं. दोन वाक्यं. मला दोन वाक्यं नीट रचता येतात, त्याचाच पगार घेते. मी म्हटलं, "बरं."

शेवटच्या दिवशी ती टेबलाशी आली, खांद्याला बॅग. "येतो मॅडम," म्हणाली. मी तिची भाषा सुधारली नाही. ये म्हटलं, जपून जा म्हटलं. तुझ्यासारखी आमच्यात दुसरी नाही, असंही म्हटलं. ती हसली आणि जिना उतरून गेली. खाली कुणीतरी निळी फरशी की पांढरी, यावर वाद घालत होतं.

टूल दुरुस्त व्हायला आणखी तीन आठवडे लागले. लीडनं सांगितलं, आता बाकीचं खरंच राहतंय, तपासा. मी माझं वाक्य असलेलं पान उघडलं. खालच्या नावांत दोनच नावं होती. माझं आणि तिचं. तिचं सोळा वेळा. मला लोक वाचत नाहीत म्हणून मी ज्यांना तुच्छ लेखत आले त्यांनी काहीच गमावलं नव्हतं. न वाचून ते वाचले होते.

मग मी ती "चाचणी" रिक्वेस्ट उघडली. खालची चौकट भरलेली होती.

"बघा, मॅडमनी टूल या रिक्वेस्टवर तपासलं. टीप आधीच रिकामी होती, त्यामुळे पुसली गेलेली कळली नाही. पुढं कुणी तपासायचं असेल तर आधी टीप भरून घ्यावी, मग तपासावं."

शेजारी बदल केल्याची तारीख असते. ती मीटिंगच्या आदल्या दिवसाची होती. म्हणजे मी "हो, तपासलं होतं" म्हणाले तेव्हा टेबलाच्या टोकाला बसून तिला सगळं माहीत होतं. तिनं भडंगाच्या ताटाकडे बघत पाहुणे कधी येणार तेवढं विचारलं होतं.

आता टूल बरोबर चालतं. जे पाठवत नाही ते जसंच्या तसं राहतं, माझं वाक्य शेवटी खरं झालं. नवं काही आलं की मी त्याच रिक्वेस्टीवर तपासते. नाव बदलते, पत्ता बदलते. टीप सोबत पाठवायची गरज नसते. तरी मी दर वेळी ती अख्खी पुन्हा टाइप करून पाठवते.